पाय वर, घागर खाली

या रे सगळे जवळ. विन्या, पाय आत घे. ठकू, त्याची उशी ओढू नकोस. हं. आता ऐका.

एक राजा होता, आणि तो फार दचकायचा. नाव म्हणाल तर धैर्यधर. आईबापांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पण पाल चुकचुकली की हा पलंगावर उभा. स्वयंपाकघरात भांडं पडलं की हा खांबामागे. शिंक आली तर स्वतःच्याच शिंकेला दचकायचा, बरं का! वाईट नव्हता हो. मनानं चांगला होता. पण भित्र्या माणसाच्या हातात राज्य असलं की काय होतं, तेच तर सांगतेय.

राजाच्या गावाचं नाव वैशाखपूर. ऊन म्हणजे काय, ते त्या गावानं बघावं. एक पापड उन्हात टाकून दुसरा लाटेपर्यंत पहिला कडकडीत! म्हणून तिथं एक रीत होती. सूर्य डोक्यावर आला की राजवाड्यावरचा नगारा वाजायचा. मग सगळ्या गावानं दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याचे पडदे सोडायचे आणि अंधार करून झोपायचं. उन्हं कलली की दुसरा नगारा. तोवर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

एकटी राही तेवढी बाहेर असायची. राजवाड्यासमोर एक भलंमोठं चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत राहीची पाणपोई. वाटसरू काही नगारा ऐकून तहानलेले होत नाहीत ना? तर राही भर दुपारी विहिरीवर जायची, डोक्यावर घागर घेऊन यायची आणि रांजण भरायची. तिला ना कोणी मागे ना पुढे. रांजणात वाळा टाकायची, येईल त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि वरून पाणी ओतायची. झाडाच्या बुंध्याशी एक छोटासा महादेव होता. त्याच्यावर तिनं मातीची गळती टांगलेली. गळती म्हणजे कळलं ना? बुडाला बारीक भोक असलेलं मडकं. भोकात दर्भाची काडी, आणि काडीवरून देवाच्या डोक्यावर थेंब थेंब पाणी. देवाला काय उकडत नाही?

आता राजाची लेक. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते बारशाच्या दिवशी एकदा घेतलं आणि सगळे विसरले. तिला म्हणायचे भिंगरी, आणि ती राजाला म्हणायची आबा. एका जागी बसेल तर शपथ. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा ही दिवसभर चिंचेखाली राहीच्या अवतीभवती. आणि उद्योग काय एकेक! दगडावर ओला हात उमटवायचा आणि बघत बसायचं, आधी करंगळी वाळते की अंगठा. जमिनीत काठी रोवायची आणि तिची सावली पकडायला जायचं. सकाळच्या उन्हाकडे पाठ करायची, तोंडात पाणी घ्यायचं आणि फुर्रकन उडवायचं, की हातभर इंद्रधनुष्य! राही ओरडायची, "अगं बाय माझी, एका घोटाचं इंद्रधनुष्य कर आन् बाकीचं पोटात जाऊ दे."

पण नगारा वाजला की भिंगरीला आत जावंच लागायचं. दायी तिला खोलीत घालायची, दार लावायची आणि स्वतः उंबऱ्यापाशी घोरायला लागायची. आता सांगा, ज्या पोरीला करंगळी आधी वाळते की अंगठा हे बघायचंय, ती झोपेल होय?

खिडकीला सागाच्या जाड फळ्या होत्या. एका फळीत लाकडाची गोल गाठ होती, जरा सैल झालेली. भिंगरीनं ती केसातल्या आकड्यानं कोरली, कोरली, कोरली. एक दिवस टुणकन गाठ बाहेर पडली. झालं भोक! चिंचोक्याएवढं. मग रोज भोकाला डोळा लावून ही बाहेर बघायची. खार दिसायची, राही दिसायची, उन्हानं थरथरणारी वाट दिसायची. आणि दायीला कळू नये म्हणून बघून झालं की भोकात चिंचोका बसवून टाकायची. चपखल बसायचा, बरं का.

मग एकदा काय झालं, भिंगरीला खिडकीतून बघणंही पुरेना. दायी घोरायला लागली तशी ही हळूच मागच्या दारानं परसात सटकली. आणि निघायच्या घाईत भोकात चिंचोका बसवायचा विसरली.

त्याच दुपारी राजाच्या खोलीत पाल निघाली.

मग काय! राजा उशी काखेत मारून पळाला तो थेट लेकीच्या खोलीत. आत गुडुप अंधार. त्याला वाटलं, पोरगी झोपली असेल तिकडे कोपऱ्यात. पलंगावर पडला, कूस बदलली, समोरची पांढरी भिंत दिसली. आणि राजाचे डोळेच पांढरे झाले.

भिंतीवर आभाळ होतं. निळं, खरं आभाळ. पण खाली, जमिनीपाशी! त्याच्यावर चिंचेचं झाड, शेंडा खाली, मुळं वर. पानं हलत होती. आणि सगळ्यात वर, छताच्या बाजूला, एक बाई चालत येत होती. पाय वर, डोकं खाली. डोक्याखाली घागर. घागरीत पाणी. आणि एक थेंब सांडत नव्हता!

राजाला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. बोबडी वळली. मग जो फुटला, तो असा, की दायी उठली, पहारेकरी उठले, नगारा न वाजताच सगळं गाव उठलं.

पहिल्यांदा धावत आले राजज्योतिषी. "काय झालं महाराज?" म्हणत आत शिरले, भिंत बघितली आणि दारातच मटकन खाली बसले. म्हणाले, "ही राही! ही माणूस नव्हे. चेटकीण आहे. दिवसा सरळ चालते आणि गाव झोपलं की उलटी."

मग आले राजवैद्य. त्यांना वाटलं, राजाला ऊन लागलंय. कांदा फोडून तळपायाला चोळायला बसले. चोळता चोळता मान वर केली आणि आडवेच झाले. मग तोच कांदा त्यांच्या नाकाशी धरावा लागला.

तिसरे आले सेनापती. त्यांनी तलवार उपसली आणि भिंतीवरच्या बाईवर घातली. भिंतीचा गिलावा पडला, बाई तशीच चालत राहिली. मग सेनापतींचेसुद्धा हातपाय गार पडले. तलवार म्यानात घालायची, ती कमरपट्ट्यातच खोवली.

आता या चौघांतल्या एकाला तरी वाटावं ना, की खिडकी उघडून बाहेर बघू? तिथं राही आपली सरळ दोन पायांवर चालत होती. पण नाही. घाबरलेला माणूस दार उघडत नाही, आणखी एक कडी लावतो. राजानं तिथंच, अंधारात बसून हुकूम दिला. उद्या दुपारी राहीनं गाव सोडावं. अनवाणी जावं, थेंबभर पाणीही बरोबर नेऊ नये, परत फिरून बघू नये. आणि जिच्यावर ती उलटी लटकते, ती चिंच तोडून टाकावी.

वैशाखातली दुपार, अनवाणी आणि पाण्याशिवाय. म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पुढचं गाव कोसावर होतं आणि मधे एक झाड नव्हतं.

बातमी गावात पसरली. आणि पोरांनो, इथं मला अजून राग येतो बघा. सकाळी जे राहीच्या हातचं पाणी पिऊन गेले होते, तेच संध्याकाळी दगड घेऊन आले. ज्याच्या पोराला तिनं उन्हात भोवळ आलेली असताना मांडीवर घेतलं होतं, त्यानं पहिला दगड मारला. मोठा रांजण फुटला. दुसरा फुटला. तिसरा फुटला. वाळ्याचा वास सुटला आणि सगळं पाणी मातीत गेलं. गळतीला तेवढा कोणी हात लावला नाही. देवाची ना ती. देवाला सगळे भितात, माणसाला कोण भितंय?

भिंगरी चिंचेमागे उभी राहून हे बघत होती. ती थिजून गेली होती. तिला रडूसुद्धा येईना. माणसं घरोघर गेली, तेव्हा राही खाली वाकून खापऱ्या गोळा करत होती. तिला भिंगरी दिसली. राहीकडे एक छोटी लोटी उरली होती, तळाशी थोडं पाणी. ती म्हणाली, "अगं, तू अजून इथंच? घसा सुकला आसंल. ये, पी."

भिंगरी पुढं गेली. रोजच्यासारखी तिनं ओंजळ केली. राहीनं लोटी तिरकी केली. आणि तेवढ्यात भिंगरीच्या मनात आलं, आबांनी डोळ्यांनी बघितलंय. ज्योतिषीबुवांनी बघितलंय. खरंच असली तर?

तिनं हात मागे घेतले.

तिनं मुद्दाम नाही घेतले हो. आपोआप मागे गेले. राहीनं ते बघितलं.  लोटीतलं पाणी तिनं चिंचेच्या मुळाशी ओतलं आणि पुन्हा खापऱ्या वेचायला लागली. भिंगरी घरी पळाली. दुपारी आबा ओरडले, वैद्यबुवा पडले, रांजण फुटले, पण तिला सगळ्यात जास्त धक्का बसला तो स्वतःच्या हातांचा.

झोपलीस का ग ठकू? नाही? मग डोळे मीट आणि ऐक.

सकाळ झाली. त्या खोलीत जायला कोणी धजेना. दाराला लिंबं-मिरच्या, बिब्बे, काय काय बांधलेलं. भिंगरीनं ते बाजूला केलं आणि आत गेली.  भिंतीकडे बघितलं आणि किंचाळणार होती, पण तोंडावर हात दाबला. होतं! सगळं तसंच होतं. खाली आभाळ, वर जमीन, उलटी चिंच.

पण ती करंगळी-अंगठा बघणारी पोर. घाबरली तरी बघायची थांबली नाही. बघता बघता तिला झोका दिसला, चिंचेला टांगलेला, वाऱ्यानं हलणारा. हा तर माझाच झोका! मग एक कावळा दिसला, उलटा उडत गेला. बाहेरून काव काव ऐकू आलं. तिला वाटलं, खरा कावळा कसा उडतोय बघू. ती खिडकीकडे गेली, भोकाला डोळा लावला. कावळा सरळ. वळून भिंतीकडे बघितलं, तर काही नाही! भिंत नुसती अंधारी. ती बाजूला सरली. पुन्हा आभाळ, पुन्हा चिंच.

भिंगरीनं चिंचोका शोधून आणला. भोकात घातला. चित्र गेलं. काढला. चित्र आलं. घातला, गेलं. काढला, आलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, बरं का. ही चेटूकबिटूक काही नव्हे. हे माझ्या भोकातून येतंय!

ती धावत आबांकडे गेली. हाताला धरून त्यांना खोलीच्या दारापर्यंत आणलं. म्हणाली, "आबा, भोक मी पाडलंय. हे बघा, बंद केलं की जाते ती." आणि तिनं चिंचोका बसवला. चित्र गेलं. राजा म्हणाला, "बघ! तुझी चाहूल लागली आणि लपली. किती धूर्त आहे बघ."

मग भिंगरीनं दुसरी युक्ती काढली. म्हणाली, "आबा, इथंच बसा, भिंतीकडे बघत." चिंचोका काढला आणि बाहेर पळाली. खिडकीसमोर उन्हात उभी राहिली. तिनं हात हलवले, उड्या मारल्या, गिरकी घेतली. लाल परकर, भिंतीवरही ओळखू येईल असा. तिला वाटलं, आबा म्हणतील, अरेच्चा, भिंगरीसुद्धा उलटी दिसते, म्हणजे चूक भोकाची आहे! आत आली ती हसतच. "दिसले का?"

राजा पलंगावर उभा होता आणि हमसून हमसून रडत होता. "माझी पोर! माझ्या पोरीलाही उलटी केली त्या बाईनं!" त्यानं भिंगरीचा हात असा घट्ट धरला, की बांगडी रुतली. "आत्ताच्या आत्ता घालवा तिला. कुऱ्हाडी आणा!"

झाली ना पंचाईत! भलं करायला गेली आणि राहीचा उरलासुरला वेळ पण गेला.

त्या दिवशी नगारा घटकाभर आधीच वाजला, पण कोणी दारं लावली नाहीत. राहीला हाकलताना बघायला सगळं गाव भर उन्हात लोटलं. एरवी तहानलेल्याला पाणी द्यायला कोणी बाहेर पडायचं नाही हो, पण हे बघायला आले. सेनापती आले, लाकूडतोडे आले. चिंचेखाली राही उभी होती. डोक्यावर छोटं गाठोडं, पायात काही नाही. महादेवाला तिनं नमस्कार केला आणि गळतीत शेवटचं पाणी घातलं.

भिंगरी खिडकीतून बघत होती. राजा काही तिचा हात सोडेना. ती रडत रडत त्या गळतीकडे बघत होती. टप. टप. टप. बुडाच्या भोकातून थेंब पडत होता. आणि एकदम तिचं रडं थांबलं.

खोलीला भोक. मडक्याला भोक. खोलीत अंधार. मडक्यात पण अंधार. खोली काही उचलून कोणापुढे नेता येत नाही. मडकं नेता येतं!

आता राजा तिचा हात सोडत नव्हता ना? मग भिंगरी पळत सुटली. हात धरलेला राजा आपोआप मागे. खोलीबाहेर, चौकाबाहेर, दिंडी दरवाजातून थेट उन्हात. कितीतरी वर्षांत राजानं दुपारचं ऊन बघितलं नव्हतं. घाईत जोडे राहिले होते. पहिलं पाऊल फरशीवर पडलं आणि राजानं केकाटून पाय उचलला. "भाजलं! भाजलं!" करत, नाचत नाचत तो चिंचेच्या सावलीत आला. तिथं त्याचं राहीच्या अनवाणी पायांकडे लक्ष गेलं, आणि त्याचं नाचणं थांबलं. 

भिंगरीनं महादेवाला हात जोडले. म्हणाली, "देवा, थोडा वेळ तहान मार." गळती उतरवली, पाणी त्याच्याच डोक्यावर ओतलं, भोकातली दर्भाची काडी ओढून काढली. मडकं आतून पुसून कोरडं केलं. मग बापाच्या खांद्यावरचा शेला ओढला. झिरझिरीत पांढरी मलमल होती. तिचा एक पदर महादेवापुढच्या दिव्यातल्या तेलात बुडवला आणि मडक्याच्या तोंडावर ताणून बांधला, ढोलकीला चामडं ताणतात तसा. सगळे आ वासून बघत होते. लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी खांद्यावरच राहिल्या.

"आबा, खाली बसा." तिनं बापाच्या डोक्यावर एका लाकूडतोड्याचं काळं घोंगडं टाकलं. मडक्याचं बूड पुढं, मलमलीचं तोंड घोंगड्यात, राजाच्या नाकासमोर. आत उकडून जीव जात होता. राजा कुरकुरला, "काही नाही दिसत. काही नाही... आई ग!"

मलमलीवर राजज्योतिषी उभे होते. इवलेसे. उन्हात, हात पाठीशी बांधून. पाय वर, डोकं खाली. आणि पगडी डोक्यावरून पडत नव्हती!

"ज्योतिषीबुवा, तुम्हीसुद्धा?" राजा घोंगड्यातून ओरडला. ज्योतिषीबुवा दचकून इकडेतिकडे बघायला लागले. भिंगरीनं मडकं जरासं फिरवलं. आता राजवैद्य. उलटे! तोंडातला विडा सांडत नव्हता. आणखी फिरवलं. सेनापती. उलटे! तलवार म्यानातून गळत नव्हती. गावातले सगळे दगड मारणारे, उलटे! बैल उलटा. देवळाचा कळस उलटा. राजा एकेकाला बघून दचकत होता, आणि घोंगडं नुसतं उडत होतं.

सेनापतींना राहवेना. ते म्हणाले, "बघू महाराज." राजा बाहेर आला, घामानं निथळत उन्हात उभा राहिला. सेनापती घोंगड्यात शिरले. आणि आत चुळबुळ सुरू झाली.

"काय दिसतंय?" राजानं विचारलं.

"महाराज," सेनापती बारीक आवाजात म्हणाले, "आपण दिसताय. पाय वर आणि डोकं खाली. आणि... मुकुट पडत नाही."

  जो तो राजाच्या पायांकडे बघायला लागला. राजानंही बघितलं. पाय जमिनीवरच होते, जरा भाजलेले.

भिंगरी म्हणाली, "आबा, उलटी दिसली म्हणून राहीमावशी चेटकीण, तर मग तुम्ही कोण?"

मग तिनं चिंचेची एक सरळ काडी घेतली. मलमल सोडून मडक्याच्या भोकातून काडी आरपार घातली. बाहेरचं टोक वर केलं, की आतलं टोक खाली गेलं. बाहेरचं खाली केलं, की आतलं वर. म्हणाली, "ऊनही असंच येतं. काडीसारखं सरळ. त्याला वाकता येत नाही. डोक्यावरून निघालेलं ऊन एवढ्याशा भोकातून आत शिरलं की खाली जातं, आणि पायांवरून आलेलं वर जातं. एवढंच आहे ते. मी भोक पाडलं, उन्हानं चित्र काढलं, आणि तुम्ही मावशीचे रांजण फोडले."

मग राजा काय करणार? त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो राहीपुढे गेला, मुकुट काढला आणि मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "राही, मी घाबरलो होतो." राही म्हणाली, "महाराज, भ्या सगळ्यास्नीच वाटतं. मला बी वाटलं की काल. पर मी कुनाचं मडकं फोडलं न्हाई."

राजानं मुकुट खाली मातीत ठेवला.  

राहीनं गाठोडं खाली ठेवलं. त्यातून ती लोटी काढली. पाण्याशिवाय जायचा हुकूम होता, आणि पाणी लपवून नेणारी नव्हती ती. लोटी रिकामीच होती. ती विहिरीवर गेली, भरून आणली. आता आली भिंगरी. काल मागे घेतलेले तेच हात तिनं पुढं केले.  राही कालच्यासारखीच म्हणाली, "घसा सुकला आसंल. पी."

भिंगरी प्यायली. एक थेंब खाली सांडू दिला नाही, डोळ्यांतलं तेवढं ओंजळीत पडलं. मग तिच्या शेजारी राजा बसला, भाजलेल्या पायांवर उकिडवा, आणि त्यानंही ओंजळ केली.

कुऱ्हाडी परत गेल्या. ज्यांनी रांजण फोडले होते, त्यांनी कुंभारवाड्यातून नवे रांजण आपापल्या डोक्यावर वाहून आणले. भर दुपारी, अनवाणी, हा राजाचा हुकूम! मग राहीनं रांजण भरले आणि त्या सगळ्यांना पाणी दिलं. गुळाचा खडासुद्धा दिला. मी असते तर गूळ नसता दिला. पण ती राही होती.

भिंगरीनं गळती धुऊन पुसून, काडी घालून, देवाची देवाला परत दिली. मग कुंभारानं गावातल्या पोरापोरांना एकेक भोकाचं मडकं करून दिलं. तेव्हापासून वैशाखपुरात उन्हाळा आला की सकाळी चिंचेखाली ही झुंबड! कोणी मडक्यात बैल बघतंय, कोणी आपली आजी उलटी करतंय. सूर्याकडे मात्र मडकं रोखायचं नाही आणि डोळे तर त्याच्याकडे कधीच लावायचे नाहीत, हे भिंगरीनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलेलं. तुम्हीही ध्यानात ठेवा.

आणि राजा? दचकायचा राहिला नाही हो. स्वभाव कुठे जातो? पण आता दचकला की आधी उठून खिडकी उघडायचा आणि बाहेर बघायचा. मग हुकूम. त्या राज्यात पुढं कोणाला उगाच गाव सोडावं लागलं नाही. राहीच्या पाणपोईत रांजण भरलेले राहिले, चिंचेला चिंचा लागत राहिल्या आणि सगळे सुखात राहिले.

झाली गोष्ट. काय रे विन्या? हो, आपल्या कोठीच्या खोलीच्या दाराला आहे भोक. उद्या दुपारी दार लावून बसू आपण भिंतीकडे बघत. शेजारच्या काकू उलट्या चालताना दिसल्या तर ओरडायचं नाही, आधी दार उघडून बघायचं. ठकू झोपली वाटतं. तिच्या अंगावर पांघरूण घाल, आणि तूही मीट डोळे.